बिनसाखरेची पाच वर्षं

जव्हारच्या बाजारात जानकीबाईंना कुणी गोड देत नाही. हळदीकुंकवाला गेल्या तर हातावर शेंगदाणे, लग्नात जिलेबीचा वाढपी त्यांचं पान ओलांडून पुढे! आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, पोरांसाठी पातेली भरभरून शिरा ढवळला, आणि म्हातारपणी नशिबी कडू चहा. का, तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे, बाईंना साखरेचा आजार आहे. आजार कसला डोंबलाचा! बाई ठणठणीत आहेत.

ही थाप त्यांनीच मारलेली. सून अक्षदाला दिवस राहत नव्हते. नाशिकला टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू झाले. त्याची इंजेक्शनं थंडाव्यात ठेवायची होती, आणि इथे पावसाळ्यात वीज एकदा गेली की दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. इन्व्हर्टरवरचा फ्रिज जवळपास एकच, मैत्रीण खैरुनच्या आइस्क्रीमच्या दुकानात. "कशाची गं इंजेक्शनं?" खैरुननं सहज विचारलं. सुनेला लोक नावं ठेवतील या धास्तीनं जानकीबाई बोलून गेल्या, "माझी. साखरेची." झालं! खैरुनच्या दुकानात सांगितल्यावर दवंडी कशाला पिटायला हवी? पुढे नात झाली, किमया. तिच्या बारशाचा पेढासुद्धा आजीनं मोरीत लपून खाल्ला.

आता किमया चार वर्षांची आहे. तेव्हाचे दोन गर्भ नाशिकला गोठवून ठेवलेत. अक्षदाची अडतिशी आली, म्हणून डॉक्टर म्हणाले, दुसरं हवं तर आता उशीर नको. मुलगा हर्षल तयार होता. अक्षदालाही हवं होतं, फार हवं होतं. पण परवा भाकरी थापता थापता ती थांबली.

"आई, सुया मी हव्या तेवढ्या घेईन. पण पुन्हा ती लपवाछपवी नको. पाप केल्यासारखं वाटतं हो. तसंच करायचं असेल, तर राहू दे."

लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, हे पालुपद जानकीबाईंचंच. आता तेच नातवंडाच्या आड आलं होतं. आपण केलंय, आपणच निस्तरायचं, म्हणत त्यांनी पदर खोचला आणि तडक खैरुनचं दुकान गाठलं.

खैरुननं सवयीनं कडू चहा पुढे केला.

"साखर घाल त्यात."

"येडी झालीस का? मरायचंय?"

"मला कसलाच आजार नाही. कधीच नव्हता. ती इंजेक्शनं अक्षदाची होती. किमया त्याच उपचारांनी झाली. आता पुन्हा ठेवायचीत, आणि या खेपेला तिच्या नावानं ठेवायचीत."

खैरुन आधी भडकली. "पाच साल! पाच साल ईदला तुझा बिनसाखरेचा शीरखुर्मा वेगळा शिजवते मी! मेले, घशाखाली कसा उतरवलास?"

"डोळे मिटून," जानकीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

हसता हसता खैरुनच्या डोळ्यांपुढे आली तिची लेक इकरा. लग्नाला सहा वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. दर्ग्याला धागे बांधून, झाडपाला खाऊन पोरगी थकली होती.

"माझी पोर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीय, जानकी. तुला रस्ता माहीत होता. एका शब्दानं बोलली नाहीस."

सुनेला जपता जपता हे जानकीबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. डोळे भरून आले. त्यांनी खैरुनचा हात धरला. "चुकलं माझं. सोमवारी आम्ही नाशिकला निघतोय. इकराला पाठव आमच्याबरोबर."

खैरुननं चहाचा कप ओढून घेतला, भरभरून साखर घातली, ढवळून पुन्हा पुढे सरकवला, आणि उठून फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा करायला लागली.

"पी गुमान," पाठमोरीच ती म्हणाली. "दोघींची इंजेक्शनं मावतील एवढी जागा करते."