कोऱ्या पत्र्याचा दंड

“मोठ्यानं वाच, म्हाताऱ्या. समद्यांना ऐकू जाऊ दे.”

विकास सोसायटीच्या चेअरमनचा मेव्हणा खुर्चीवर बसून बोलला. उठला न्हाई. त्याच्या गड्यानं मला दंडाला धरून बोर्डासमोर उभं केलतं. माझं वय तवा साठीच्या पुढं. भोवती दहा-बारा माणसं, माझ्यासारखीच शेतकरी.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. अक्षराला अक्षर लावून वाचतो. “खा-ज-गी,” म्हणलं. “जा-गा.” पुढं जोडाक्षर आलं, तिथं अडकलो. कोणतरी फिसकन हसलं.

“पार्किंग म्हणत्यात बे त्याला,” मेव्हणा म्हणला. “तुझ्या बापानं बघितलतं का कधी?”

मग समदेच हसले. मी बी हसलो. त्यांचं हसणं इसरलो, माझं न्हाई इसरलो.

त्या साली पावसानं दुसऱ्यांदा दगा दिलता. मांजरसुंब्याच्या अलीकडं डोंगराच्या कडंला सोसायटीनं जनावरांची चारा छावणी काढलती. छावणीत बैल बांधायचे तर पास लागायचा. पास द्यायचा सोसायटीचा कारकून, तेबी बैल डोळ्यानं बघून. रंग लिहायचा, शिंगं लिहायचा. म्हणून मी गाडी जुंपून दोन्ही बैल घेऊन गेलतो.

आमच्या गावाकडून येणारी गाडीवाट सोसायटीच्या मागच्या अंगानं येती. ऑफिसामागं मोकळं रान हाय. माझा बाप तिथंच गाडी सोडायचा, मी बी तिथंच सोडत आलो. बाजारादिवशी वीस-वीस गाड्या असायच्या. ते रान चेअरमननं मेव्हण्याला भाड्यानं दिलंय, हे आमाला कोण सांगणार? बोर्ड रोवला होता, पण तोंड डांबरी सडकेकडं. गाडीवाटेनं येणाऱ्याला दिसायचा नुसता कोरा पत्रा. पुढून बघितलं तरी त्याच्यावर चित्र मोटारीचं आन फटफटीचं. बैलगाडी कुठंच न्हाई.

मी बैल सोडले, गाडीलाच बांधले आन रांगेत उभा राहिलो. दोन तासांनी कारकुनाला बैल दाखवायला बाहेर आणलं, तर गाडीच्या चाकातून साखळी ओवलेली. साखळीला कुलूप.

“गाडीचे शंभर,” मेव्हणा म्हणला. “बैलांचे पन्नास-पन्नास. तिघंबी उभे होते.”

मी म्हणलं, बोर्ड दिसला न्हाई. त्यावरून त्यानं मला वाचायला उभं केलं. मी म्हणलं, मालक, एकदा म्हागच्या बाजूनं येऊन तर बघा. तो खुर्चीवरून हलला न्हाई. कारकुनानं वही मिटली. “आधी इकडचं मिटवा, मग पास.”

बैल सकाळपासून पाण्यावाचून उभे. मी हात जोडले. म्हणलं, चुकलं.

तेवढ्यानं मेव्हणा मऊ झाला. “बरं, पैसे राहू दे. कागदावर सही कर आन जा.”

कागद तयारच होता. आदल्या आठवड्यात कुणीतरी तहसीलला तक्रार केलती, की बोर्ड दिसत न्हाई आन गाड्या अडिवत्यात. म्हणून गाडीवाल्यांकडून असे कागद गोळा करणं चाललंतं. आमच्या गावचा किसन माझ्या म्हागं उभा होता. कानाशी लागून म्हणला, “आण्णा, टाका की सही. कशापायी ताणता? आमी समद्यांनी टाकली.”

मी पेन घेतलं. पण न वाचता सही करायची मला सवय न्हाई. मी वाचाया लागलो, माझ्या पद्धतीनं, एकेक अक्षर. आता कोणी हसत नव्हतं. समदे माझी सही व्हायची वाट बघत होते. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: मी बोर्ड वाचला होता, तरी जाणूनबुजून गाडी लावली.

तिथं मी थांबलो. आत्ताच ह्यांनी मला अडाणी म्हणून दहा माणसांत हसून घेतलं. आन कागदावर मी वाचणारा. कामापुरतं मला शिकवलं होतं त्यांनी.

मी पेन खाली ठिवलं.

“मी म्हागून आलो, म्हागून काय लिवलेलं न्हाई. असं लिवा, लगेच सही करतो.”

“असं लिहिता येत नसतंय,” कारकून म्हणला.

“मंग मला बी सही येत न्हाई.”

“पास मिळायचा न्हाई, बाबा.”

“न्हाई तर न्हाई.”

“गाडी जाईल,” मेव्हणा म्हणला.

“ठिवा.”

किसननं तोंड फिरवलं. मी बैल सोडले, कासरा हातात घेतला आन चालाया लागलो. आमच्याकडं बाप लेकीच्या घरचं पाणी बी घेत न्हाई. मी दोन दिवस चालून गेवराईकडं लेकीच्या सासरी गेलो आन व्याह्यापुढं उभा राहिलो. म्हणलं, माझं काय नको, बैलांना उसाचं वाढं द्या. पाऊस पडेपर्यंत त्यांच्या गोठ्यात राहिलो. भाकर लेकीच्या शेजारणीकडं खायाचो. वाटंनं धाकटा बैल लंगडा झाला, तो पुन्हा औताला लागलाच न्हाई. किसनचे बैल छावणीत धडधाकट राहिले. हे खोटं सांगत न्हाई. बायको म्हणली, एका सहीपायी गाडी घालवली.

आता सोसायटीची निवडणूक हाय आन तहसीलातली ती तक्रार अजून मिटलेली न्हाई. परवा किसनच निरोप घेऊन आला. चेअरमन म्हणतो, झालं गेलं, गाडी फुकट घेऊन जा, फक्त तेवढा जुना कागद पुरा कर.

मी किसनला म्हणलं, सांग त्याला, गाडीला वाळवी लागू दे. तक्रार कुणी केलती ते मला कळलं न्हाई, पण तो एकटा पडला होता. येत्या सोमवारी मी तहसीलला जाणार हाय. अर्ज मीच लिवलाय, चार दिवस लागले. साहेबासमोर मोठ्यानं वाचणार. अडकत अडकत वाचणार. आन संपल्याबिगर कुणाला उठू देणार न्हाई.