डेन्झिलच्या गाडीचे बारा व्होल्ट

डेन्झिल ट्रेव्होरोच्या पायाला जन्मापासून भिंगरी होती आणि हातांचंही तेच. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना हा गृहस्थ बाकाचा ढिला स्क्रू नखाने पिळत बसायचा. एकदा सासूबाई जेवायला आल्या, तर त्यांचं कानात घालायचं यंत्र उघडून त्याने सूपच्या वाटीशेजारी मांडून ठेवलं, आणि सासूबाईंना जेवण होईपर्यंत काही ऐकू आलं नाही. मेल्यावरही हा शवपेटीची बिजागरी तपासेल, असं त्याची बायको कोरल म्हणायची.

समुद्रकाठच्या मून्टा गावात त्याने एकेचाळीस वर्षं गाड्यांच्या विजेची कामं केली. ट्रॅक्टर, कापणीची यंत्रं, बोटी ओढायचे ट्रेलर, काही सोडलं नाही. शिकाऊ पोरांना त्याचा एकच मंत्र असे, "आधी मोज, मग बदल." बॅटरीपासून निघायचं, वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर मीटर लावायचा, वीज कुठे कमी पडते ते सापडलं की तिथेच हात घालायचा. नुसत्या अंदाजाने भाग बदलणारा माणूस त्याच्या लेखी भुरट्या चोराहून हलका.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे बापाने चौपन्न साली घेतलेली होल्डन, सहा व्होल्टची. जुन्या गाड्यांच्या क्लबात बाकी सगळ्यांनी केव्हाच बारा व्होल्ट करून घेतले होते, आणि त्या प्रत्येकाला डेन्झिलने भर सभेत सोलून काढलं होतं. "आजोबांना नवे दात बसवलेत, आता दगड चावायला लावा," असं तो गार्थ रॉडाला म्हणाला होता. गार्थ त्याचाच जुना शिष्य आणि आता क्लबाचा चिटणीस. ते दात त्याच्या मनात अजून रुतून बसले होते.

म्हणूनच एप्रिलमधल्या एका सकाळी डेन्झिलने बारा व्होल्टची बॅटरी घरी आणली, तेव्हा दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. वयाच्या शहात्तराव्या वर्षी म्हातारा बाटला, असं लोक म्हणाले.

कारण फक्त कोरलला ठाऊक होतं. आदल्या गुरुवारी दोघं दिवेलागणीला शेजारच्या कडीना गावाहून परतत होती. रस्त्याच्या कडेने एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता. कोरलने स्टिअरिंगला हात घातला म्हणून तो वाचला, नाहीतर गाडी त्याच्या अंगावरच गेली असती. डेन्झिलला तो दिसलाच नव्हता. त्याने उतरून माफी मागितली, मग पुढच्या दिव्यावर थाप मारून म्हणाला, "सहा व्होल्ट म्हणजे नुसत्या मेणबत्त्या." कोरल घरी येईपर्यंत गप्प होती, आणि ती गप्प बसली की डेन्झिलला घर खायला उठायचं.

ॲडलेडला राहणारी त्यांची लेक वेंडी वर्षभर मागे लागली होती. बाबांचं गाडी चालवणं पुरे झालं, घर विका आणि माझ्याजवळ येऊन राहा. गुरुवारची गोष्ट तिच्या कानावर गेली असती तर किल्ली गेली असती, मागोमाग घर, शेड आणि ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून खेकडे धरायचा तो किनाराही. डेन्झिलला भीती वाटत होती. ती त्याने कुणाला सांगितली नाही, कामाला लागला.

आठ दिवस घरात कुणाला स्वास्थ्य नव्हतं. त्याने सगळे बल्ब बदलले, कॉइल बदलली, जनरेटर नवा घातला. पेट्रोलचा काटा जळू नये म्हणून त्याच्या वाटेत रोधक जोडला. स्टार्टर तसाच ठेवला, तो दुप्पट जोराने का होईना, फिरला असता. जुन्या तारा जाडजूड होत्या, त्यांना काही धाड भरली नव्हती. मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा एक घास खाऊन तो शेडकडे पळे, दुसरा घास तासाभराने. कोरलला मात्र शेजारी उभं राहून तारांचे रंग सांगावे लागत. सत्तर वर्षांत रंग उडालेत, असं तो म्हणे. ती म्हणे, "ही हिरवी, ती तपकिरी, स्पष्ट तर दिसतंय." त्यावर तो खेकसे.

मध्येच गार्थ डोकावला. त्याने सगळा पसारा पाहिला आणि हळूच विचारलं, "बदलायच्या आधी मोजलं होतंस ना?"

डेन्झिलने त्याला शेडबाहेर काढलं. मोजलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

शनिवारी सूर्य समुद्रात बुडाल्यावर गाडी शेडच्या पत्र्यासमोर उभी केली. गार्थ राग गिळून आला होता. डेन्झिलने इंजिन चालू केलं आणि दिवे लावले. गार्थने डोळ्यांवर हात धरला. कोरलने कपड्यांच्या दोरीवर लावलेला एकेक चिमटा मोजता आला असता, असा उजेड पडला.

डेन्झिल चाकामागे बसून पुढे बघत राहिला. त्याला तोच पिवळट, कापूस पिंजल्यासारखा धूसरपणा दिसत होता. तो तडक उतरला. कुठेतरी सांधा कच्चा राहिलाय, म्हणाला, आणि मीटर उचलला. चष्मा घरात राहिलाय असं सांगून काटा वाचायचं काम त्याने कोरलवर टाकलं.

बॅटरीवर चौदा. स्विचवर जवळजवळ तेवढेच. डाव्या दिव्याच्या मागे साडेतेरा, उजव्या दिव्याच्या मागेही साडेतेरा. त्याने पुन्हा वाचायला लावलं. साडेतेरा. मोजत मोजत डेन्झिल दिव्याच्या काचेपर्यंत आला. त्याच्या पुढे तार नव्हती. पुढे तोच होता.

त्याचे हात थांबले. कोरलने इतक्या वर्षांत ते असे कधी पाहिले नव्हते.

"त्या दिवशी तो माणूस तुला कुठून दिसला?" त्याने विचारलं.

"वळणापासूनच. पांढरा शर्ट होता त्याचा."

"जुन्या दिव्यांत?"

"जुन्याच."

"मग बोलली का नाहीस?"

"मोजल्याशिवाय कुणाचं ऐकलंयस तू आजवर?" कोरल म्हणाली. "मोतीबिंदू असेल, डेन्झिल. माझ्या आईलाही असंच पिवळं दिसायचं."

त्याने दिवे बंद केले, इंजिन बंद केलं. किल्ली काढून तिच्यापुढे धरली आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूच ने, म्हणाला. तीस वर्षांपूर्वी तिच्या क्लच सोडण्यावर त्याने असा काही शेरा मारला होता की तिने ती गाडी पुन्हा चालवली नव्हती. मग त्याला आठवलं. "पण तुझं लायसन्स?"

"दर खेपेला नवं करून घेते. कधीतरी लागणार होतं."

सोमवारी सकाळी कोरलने क्लच सोडला, तशी गाडीने दोन आचके दिले. डेन्झिलने तोंड उघडलं, मिटलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. कडीनाच्या रस्त्यावरच्या त्याच वळणावर त्याला राहवलं नाही.

"कडेला कोणी आहे का?"

"आहे. कुत्रावाला," कोरल म्हणाली. "हात हलवतोय. तूही हलव."

डेन्झिलला कोणी दिसलं नाही. त्याने एक हात सोडवला आणि तिकडे बघून हलवला.