आत्याची बिनहिंगाची धिरडी

आज सकाळी घाईघाईत डब्याची धिरडी करताना खड्याचा हिंग कुटला आणि त्या उग्र वासासरशी मला कसब्यातलं आत्याचं स्वयंपाकघर आठवलं.

मी तेव्हा दुसरीत असेन. पोटात गहू गेला की मी आजारी पडते, हे नुकतंच कळलं होतं आणि आईचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. ऑफिसला निघता निघता आत्या माझ्यासाठी ज्वारी आणि बेसनाचं पीठ भिजवत होती. आई तिच्या पाठीशीच उभी होती.

"पीठ घरीच दळलंय ना, ताई?"

"हो वहिनी. विषसुद्धा घरचंच घातलंय."

मला हसू आलं. आईला नाही. तिने ओट्यावरची हिंगाची डबी उचलली, खिडकीपाशी नेऊन बारीक अक्षरं वाचली आणि ती आत्यापुढे धरली. त्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं होतं.

आत्याचा चेहरा उतरला. तिने तो हिंग घातलेलं भिजवलेलं पीठ बाजूला ठेवलं, हात धुतले, तवा घासला आणि हिंगाशिवाय नवं पीठ कालवलं. मग म्हणाली, "वहिनी, अजून काही राहिलंय का, तुम्हीच बघा."

तेव्हा मला आईची लाज वाटली होती. आता लोकांच्या घरी मीच डब्यांवरची अक्षरं वाचते आणि यजमानांचे चेहरे बघते, तेव्हा आत्याच जास्त आठवते. आईने खरोखरच एकेक वस्तू पुन्हा तपासली, आणि ऑफिसला उशीर होत असूनही आत्या उलथनं हातात धरून शांतपणे थांबली.