ब्रह्मा घाटावरचा मुकुट

ब्रह्मा घाटावरच्या तरुण मंडळाची ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. नव्वदीचं दशक होतं, गणेशोत्सव चालू होता आणि बनारसच्या गंगेकाठच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमचं घराणं झाशीचं, भिक्षुकीचं. ठाण्यात मराठी समजणारा मी एकटाच, त्यामुळे घाटावरच्या मराठी वस्तीतलं प्रत्येक गाऱ्हाणं माझ्याच टेबलावर यायचं.

तक्रार घेऊन आले ते मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गणपतीचा चांदीचा मुकुट नाहीसा झाला होता. अण्णांनी मला आधी मंडळाचा इतिहासच ऐकवला. पोरांनी मराठी विसरू नये म्हणून त्यांच्या वडिलांच्या पिढीने तालीम काढली, पुढे उत्सव सुरू केला आणि घरोघरची चांदीची भांडी आटवून हा मुकुट घडवला.

"आणि आता ह्या मुलांना गणपतीसमोर सिनेमाची गाणी हवीत," ते म्हणाले. "मुकुट गेला तर कोणाला काय फरक पडतो?"

त्यांचं बोट मंडळाच्या तरुण अध्यक्षाकडे होतं. मूर्तीच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ल्या दोघांकडेच, एक अण्णांकडे, दुसरी अध्यक्षाकडे. त्यातच कोपऱ्यावरच्या पानवाल्याने माझ्या हवालदाराला सांगितलं, "अध्यक्षजी सबेरे बड़ा झोला लेके निकले थे, साहब." अध्यक्षाची रेल्वेत निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्हा नोंदवला असता तर नोकरी हातची गेली असती.

मी त्याला बोलावून घेतलं. पिशवीत काय होतं, या प्रश्नावर तो खाली बघत राहिला. मला मान खाली घालणारी माणसं आवडत नाहीत. जरा आवाज चढवला तेव्हा कुठे बोलला.

"तबला-डग्गा होता, साहेब. मित्राकडे रिहर्सल होती. अण्णांनी तो गाण्यांचा प्रोग्राम बंद करवला होता ना, म्हणून चुपचाप नेला."

मित्राने दुजोरा दिला. पण मित्र असतातच त्यासाठी. मी अध्यक्षाला बाकावर बसवून ठेवलं आणि अण्णांचा जबाब घेतला.

"सकाळी सोवळ्यात पूजा केली," अण्णा म्हणाले. "मुकुट मूर्तीवर होता. खोली बंद केली, किल्ली खिशात टाकली, सरळ घरी गेलो. घरचा नैवेद्य होईपर्यंत सोवळं सोडलं नाही. दुपारी आलो तर मुकुट गायब."

हवालदाराने ते शब्द न शब्द उतरवून घेतलं. त्याला त्यात काही खटकलं नाही. मला खटकलं. सोवळं म्हणजे धूतवस्त्र आणि उपरणं, शिवलेला कपडा अंगावर नाही. मग खिसा आला कुठून? माझे वडील सोवळ्यात असले की किल्ली जानव्याला बांधत. किल्ली खिशात टाकणारा माणूस त्या सकाळी सदरा घालून पुन्हा खोलीवर गेला असणार. बोलण्याच्या ओघात चूकही झाली असेल, पण पोलिसाने संशयाचा फायदा मनातल्या मनात कुणाला देऊ नये.

मी अण्णांबरोबर त्यांच्या घरी गेलो. हा माणूस चोरी करील, पण देवाचा मुकुट ट्रंकेत किंवा जमिनीत ठेवणार नाही, एवढं मला घरच्या संस्कारांनी माहीत होतं.

"देवाला नमस्कार करीन म्हणतो," मी म्हणालो.

"तुमचा पट्टा चामड्याचा आहे," अण्णा दारातच अडवून म्हणाले.

मी पट्टा काढून ठेवला. अण्णांचा चेहरा उतरला. देवघरात टाकावर रेशमी वस्त्र घातलेलं होतं, त्यामागे मुकुट होता. त्याला गंध लावलेलं होतं आणि वर ताजं फूलही होतं.

अण्णा मटकन पाटावर बसले. "तो अध्यक्ष राहिला तर मंडळ बुडेल, साहेब. माझ्या वडिलांनी काढलंय ते." मला त्यांचा भयंकर राग आला. मंडळ वाचवायला निघालेल्या माणसाने मंडळातल्याच एका मुलाचं आयुष्य पणाला लावलं होतं.

मी दोघांना ठाण्यात समोरासमोर बसवलं आणि अध्यक्षाला म्हणालो, "तुझी तक्रार असेल तर आत्ता अण्णांवर गुन्हा नोंदवतो."

अण्णा पुटपुटले, "नोंदवा. मी आता मंडळात पाय ठेवणार नाही."

अध्यक्षाने मान वर केली. "मग संध्याकाळी आरत्या कोण सांगणार?" तो म्हणाला. "आम्हाला कोणालाच पूर्ण येत नाहीत. पहिलं कडवं झालं की आम्ही नुसत्या टाळ्याच वाजवतो."

अण्णा रडले. नोकरीत मी रडणारे पुष्कळ पाहिले आणि बहुतेकांवर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी ठेवला.

संशय घेणं हे माझं कामच होतं आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं त्याच्याइतकंच, बोट दाखवणाऱ्याला काय गमावण्याची भीती आहे तेही तपासावं, हे मी त्या मंडळात शिकलो. संध्याकाळी अण्णांनी मूर्तीवर मुकुट चढवला तेव्हा अध्यक्ष शेजारी निरांजन धरून उभा होता. मी ठाण्यात परतलो आणि त्याच्या पडताळणीच्या कागदावर 'चारित्र्य उत्तम' असं लिहून सही केली. तसे शेरे मी शेकडो लिहिले असतील, पण खात्री असलेला तो एकच.