मिस्त्रींच्या शर्टातली धूळ

वादळात गेलेली वीज अजून आली नव्हती, त्यामुळे बेल मुकी. दार खडखडलं तेव्हा माझं दूध उतू जाण्याच्या बेतात होतं आणि सासूबाई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होत्या.

दारात मिस्त्री. आमचे नेहमीचे गवंडी. स्वयंपाकघरातला ओटा त्यांच्याच हातचा. चक्रीवादळात मागच्या खोलीचं छत कोसळलं, तेव्हापासून भिजलेला, बुरशी धरलेला गिलावा फोडायला रोज येतात. येतात ते शीळ घालत. आज आले ते भल्या सकाळी, आणि मुकाट.

"काय मिस्त्री, आज सूर्याला उठवायला निघालात वाटतं!" सासूबाई म्हणाल्या.

एरवी त्यांनी परतफेड केली असती. आज नुसते पायरीवर टेकले.

"वहिनी, काल बायकोला दवाखान्यात ठेवलं. श्वास पुरत नाही तिला."

मी पाणी दिलं. भांडं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

त्यांची बायको भारी टापटिपीची. नवरा गवंडी असला म्हणून काय झालं, सकाळी बाहेर पडताना शर्ट स्वच्छच हवा! रोज संध्याकाळी त्यांचे कपडे धुवायला टाकण्याआधी ती मागच्या दारात झटकायची. चौकटीवर आपटून, खिसे उलटे करून, अगदी कॉलरच्या घडीपर्यंत. मिस्त्री चहा पीत बघायचे आणि म्हणायचे, "राग माझ्यावर, मार शर्टाला!" ती हसायची. पुढे पुढे हसता हसता खोकायला लागली.

"मला वाटलं, हवा बदलली. मध्ये एकदा तर म्हणालो, काम चुकवायला खोकतेस की काय? तेव्हापासून उशीत तोंड खुपसून खोकायची, वहिनी. मला ऐकू जाऊ नये म्हणून."

सासूबाई चष्मा शोधायच्या थांबल्या.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात धूळ येते का. तिनेच धापा टाकत सांगितलं, "छे हो, आमचं घर लख्ख असतं." मिस्त्री कामावरून तसेच गेलेले, तिला खेटून बसले होते. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट दोघांना दाखवलं. दमा तिला थोडा आधीपासूनच होता; त्यात ही बुरशीची धूळ रोज छातीत जात होती.

"पण मास्क होता ना तुम्हाला?" मी विचारलं.

"होता की. तुमच्या साहेबांनीच दिलेला, चांगला जाड. एक दिवस चुकवला नाही. माझं नाक मी जपलं, आणि घरी जाऊन धूळ तिच्या हातात दिली. वर म्हणायचो, जोरात झटक."

"तुम्हाला तरी काय ठाऊक!" सासूबाई म्हणाल्या.

"धुळीचं नव्हतं ठाऊक, काकू. पण ती खोकत होती, ते तर दिसत होतं ना?"

मी म्हटलं, थोडे दिवस काम राहू द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अर्ध्या गल्लीच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि यांचं हातावरचं पोट. बसून कसं चालेल?

"उद्या ती घरी येईल," ते म्हणाले. "आल्या आल्या माझे कपडे मागेल. किती सांगा, ऐकायची नाही."

भांडं खाली ठेवून ते उठले.

"तुमच्या मागच्या नळावर मला रोज अंघोळ करून कपडे बदलू द्याल का? मळके इथेच धुऊन वाळत घालीन."