सिस्टरचा माळ

नर्सच्या नोकरीत असताना सिस्टरचा आवाज आरोग्य उपकेंद्राच्या दारातून थेट एसटी थांब्यापर्यंत ऐकू येई. माळावर मात्र त्या कुजबुजत. शेलूबाजारजवळच्या त्या गावात मी शिक्षक म्हणून नवा होतो. एकदा त्यांच्यासोबत माळावर गेलो आणि काहीतरी मोठ्याने विचारलं, तर त्यांनी मला तिथेच थांबवलं. "हळू बोला, सर. आतमंधी बाळंतीण हाय."

बाळंतीण म्हणजे तणमोराची, दर पावसाळ्यात माळावर येणाऱ्या पक्ष्याची मादी. ती गवतात जमिनीवरच अंडी घालते आणि जवळ जाऊनही दिसत नाही. सिस्टर निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचे यजमान गेले. मुलगी नागपूरला. रिकामं घर खायला उठायचं म्हणून त्या माळावर फिरू लागल्या. तिथे वाशीमहून येणारे पक्षिमित्र भेटले, आणि बाई त्या पक्ष्यात गुंतल्या त्या कायमच्या.

पावसाळ्यात त्या माझ्या वर्गाला माळाच्या कडेला नेऊन बसवत. काळापांढरा नर गवतातून एकदम वर उडी मारायचा आणि पुन्हा गवतात नाहीसा व्हायचा. पोरं हसायची. "हसा, पन तोंडावर हात ठिवून," असं त्या सांगत.

मग सरकारी योजनेतून माळावर झाडं लावायचं ठरलं. ग्रामसभेत सगळे खूश होते. एकट्या सिस्टर उभ्या राहिल्या.

"सिस्टर, तुमी झाडाच्या विरोधात काहून?" सरपंचांनी विचारलं.

"झाडं मले बी आवडतात. नाल्याच्या काठी लावा, शाळेत लावा. पन हा पक्षी मोकळ्या गवतातच राह्यते. तिथं झाडं झाली, का तो गेला."

"एका कोंबडीसाठी?" मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली. सिस्टर खाली बसल्या.

त्यानंतर त्या घरोघरी फिरल्या. त्यातल्या किती घरांत त्यांनी स्वतः बाळंतपणं केली होती. लोकांनी चहा दिला आणि विषय बदलला. शेवटी पक्षिमित्रांनी वरच्या अधिकाऱ्यांना समजावलं, तेव्हा अर्धा माळ गवताचाच राहिला. दुसऱ्या अर्ध्यात झाडांसाठी खड्डे खणले गेले. गावाला मात्र एवढंच कळलं, की सिस्टरने गावाचं काम अडवलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसणाऱ्या बाया येईनाशा झाल्या. एकदा माळावरून परतताना सिस्टर सहज म्हणाल्या, "ज्याईले म्या पहिल्यांदा हातात घेतलं, ते मले पाहून रस्ता बदलून राह्यले."

त्या वर्षी तणमोर आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. सिस्टर तरी पहाटे जात राहिल्या. गवतासमोर एकट्याच बसून राहायच्या आणि ऊन चढलं की परतायच्या. पुढे गुडघे फारच दुखू लागले आणि मुलगी त्यांना न्यायला आली. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. "पावसाळ्यात गवत कापू देऊ नोका. लोकाईले समजावून सांगा, भांडू नोका."

मी सांगत राहिलो. शाळेतली पोरं घरी जाऊन आपापल्या बापाला सांगू लागली, तेव्हा कुठे गवत टिकलं.

यंदा श्रावणात नर दिसला. सगळा वर्ग तोंडावर हात ठेवून बघत होता. मागे दोन-चार आईबापही येऊन उभे होते. मी लगेच सिस्टरला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. किती उंच उडाला, कुठे उतरला, मादी असेल का, असं त्या विचारतील असं मला वाटलं होतं.

त्यांनी विचारलं, "तुमी एकलेच होते का, सर?"

"नाही, सिस्टर. पूर्ण वर्ग होता. गावातली माणसंही होती."

मग त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि फोन ठेवून दिला.