तारखेला न आलेला माणूस

बुलडाणा जिल्ह्यात जेवढी म्हणून माणसं कोर्टाची पायरी चढली, त्यांची खबर खुद्द कोर्टाला नसेल एवढी आमच्या साडभाऊंना आहे. कोणी कोणाच्या शेताचा धुरा कोरून बांध सरकवला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या म्हशीनं कोणाची तूर खाल्ली आणि त्यापायी कोणी कोणावर विळा उगारला, हे सगळं ते मोबाइलवर बोट फिरवून चहा निवायच्या आत सांगतात. अमडापूरला त्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दारात ढिगानं पडलेल्या असतात, ओलित खोळंबलेले शेतकरी बाकड्यावर कपाळाला हात लावून बसलेले असतात, आणि आत हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून कुणाच्या तरी खटल्याची पुढची तारीख पाहत असतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मी त्यांना मान देतो. मान देण्याजोगं दुसरं कारण मला बरीच वर्षं सापडलं नव्हतं.

या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ विष्णू. विष्णूला भांडणाशिवाय अन्न पचत नसे. एसटीत खिडकीवरून, पंगतीत वाढप्याशी, देवळात पुजाऱ्याशी, आणि कुणीच मिळालं नाही तर स्वतःच्या बैलाशी तो भांडे. एकदा धुऱ्याच्या वादात त्यानं शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यात काठी घातली. टाके पडले, केस झाली, साडभाऊ जामीन राहिले आणि विष्णू सुटून घरी आला. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी तो जो घराबाहेर पडला, तो आजतागायत परतलेला नाही. चिखलीच्या कोर्टातून त्याच्या नावाचं पकड वारंट निघतं, पोलीस साडभाऊंच्या दुकानात येतो, चहा पितो, ‘मिळून आला नाही’ असा शेरा लिहून जातो. ज्याचं डोकं फुटलं तो शेजारीसुद्धा आता म्हणतो, ‘येऊ द्या त्याले, मिटवून टाकू.’ पण हे विष्णूला सांगायचं कुणी? तो आहे की नाही हेच ठाऊक नाही. भावकीतल्या एका शहाण्यानं तर एका तेराव्याच्या जेवणात, आता त्याच्याही नावानं तीळ सोडून मोकळे व्हा, असं सुचवलं. साडभाऊ भरल्या ताटावरून उठले ते तडक घरी आले.

त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात तो सिद्धांत शिरला. दुसऱ्या दिवशी चिखलीला माझ्या घरी येऊन त्यांनी तो मला ऐकवला. ‘भाऊ, इष्ण्या जिता असन तं भांडला असन. आन् भांडला असन तं कोर्टात नाव असन. फकत कोणतं कोर्ट, तेवढं सापडाचं हाय.’ मी हसू दाबण्यासाठी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. माणूस हरवला तर लोक देवाला नवस करतात, फार तर पेपरात फोटो देतात. सख्ख्या भावावर दुसऱ्या गावी फौजदारी खटला चालू असावा, अशी आस लावून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण आस लावून गप्प बसतील तर ते साडभाऊ कसले? कोर्टाच्या संकेतस्थळावर आधी राज्य निवडायचं, मग जिल्हा, मग कोर्ट, मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, हे ते शिकले. नाव मराठीतून टाकायचं, नाही सापडलं तर इंग्रजीतून, तेही नाही तर नुसतं बापाचं. एक वर्ष रिकामं निघालं की दुसरं, एक जिल्हा संपला की शेजारचा. जालना झालं, अकोला झालं, जळगाव झालं. अडचण एकच होती. दर वेळी ती कॅप्चा नावाची वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरावी लागतात आणि साडभाऊंची नजर तांब्याच्या तारेवर काम करून करून अधू झालेली. मग ते त्या अक्षरांचा फोटो काढून मला पाठवत. मी कचेरीत साहेबांसमोर उभा असे, जेवायला बसलेला असे, एकदा तर मयतीत खांदा देत होतो. पाठोपाठ फोन येई, ‘भाऊ, हे नऊ होय का जी?’ मी उत्तर देईपर्यंत तिकडची अक्षरं बदललेली असत आणि ते मलाच रागावत, ‘एवढा येळ काऊन लावता बे तुम्ही?’ माझ्याहून वयानं मोठा माणूस मला एका दमात ‘बे’ही म्हणतो आणि ‘तुम्ही’ही म्हणतो, याचं उत्तर त्यांच्यापाशीच असेल.

विष्णू सापडेना, पण हाताला लागलेली सवय सुटेना. हळूहळू त्यांनी गाव तपासलं, मग पाहुणेरावळे तपासले. दूधवाला तपासला, त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या ताईंचा, दाताचा डॉक्टर तपासला. मी पूर्वी धुऱ्याचा एक दावा हरलो होतो, तो त्यांनी शोधून काढला आणि दिवाळीत सासऱ्यांसमोर मोठ्यांदा वाचून दाखवला. लोकांना मात्र त्यांचं भारी कौतुक. मोटारीच्या निमित्तानं माणसं येत आणि हळूच विचारत, ‘माह्या नावाचं वारंट तं नाही ना काही?’ साडभाऊ घसा खाकरत, गुरूच्या थाटात सांगत, ‘वारंट असं उघडं दिसत नाही रे बाबा. खटल्याचा टप्पा दिसते. तिथं वारंट लिहेल असन तं समजून घे. पोलिसाची वाट नको पाहू. वकील धर, सोता हजर हो, आन् रद्द करून घे.’ हे एवढं शहाणपण सांगणाऱ्याचा स्वतःचा भाऊ वारंट चुकवून पळालेला आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे आणि तो मान डोलावून निघून जाई. त्याची मोटार तशीच राही.

कळस झाला तो आमच्या मुलीच्या पाहण्याच्या दिवशी. पिंपळगाव राजाहून चांगलं स्थळ आलं होतं. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, आणि साडभाऊंनी मुलाच्या वडिलांना अतिशय गोडीनं त्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि तालुका विचारला. मंडळींना वाटलं, नात्यागोत्याची चौकशी चालली आहे. मला मात्र त्यांचं बोट गुडघ्याआड मोबाइलवर फिरताना दिसलं. ‘तुमच्यावर वाटणीचा दावा दिसते,’ त्यांनी भर बैठकीत सांगितलं. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, ‘ज्याच्या घरी वाटणीचा दावा नाही त्याच्या घरी वावर नाही, असं समजा.’ मग त्यांनी टोपी घातली. स्थळ मोडलं. पुढं मुलीचं दुसरीकडे चांगलं जमलं, पण त्या पाहण्याची वेळ मी साडभाऊंना मुद्दाम उलटून गेल्यावर कळवली आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

यंदा पोळ्याच्या सुमारास ते पेढे घेऊन आले. मला वाटलं, नातू झाला. ‘सापडला!’ ते दारातूनच ओरडले. ‘बऱ्हाणपूरच्या कोर्टात हाय. मारपीट!’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू पोरगा पहिल्या नंबरानं पास झाला. मी मोबाइल पाहिला. विष्णू, बापाचं नाव तेच, देवराव, आडनाव नाही, आणि पुढची तारीख. ‘अहो, अशा नावाची माणसं वऱ्हाडात चौकाचौकात सापडतील,’ मी म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की तारखेच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाणं मला भाग पडलं.

मलकापूरपर्यंत एसटीनं, पुढं आगगाडीनं आणि पुन्हा बसनं, आम्ही बऱ्हाणपूरला पोचलो. साडभाऊंनी विष्णूसाठी नवा सदरा आणि ताईंनी केलेल्या तिळाच्या पोळ्या घेतल्या होत्या. ‘दिसला की हिथंच चार थोतरीत देतो,’ असं ते वाटभर म्हणत होते आणि पोळ्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हते. कोर्टात आरोपीचा वकील भेटला. माणूस कुठला, हे त्याला नीट सांगता येईना. ‘महाराष्ट्र का है, बस इतना मालूम है. जिनिंग मिल के पास रहता था, कमरा खाली कर गया. फोन बंद है.’ मग वैतागून म्हणाला, ‘और क्या बताऊँ साहब, जाते जाते मुझसे ही लड़ के गया.’

साडभाऊंनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. ‘ऐकलं? सोताच्या वकिलासंगं भांडला!’

पुकारा झाला. शिपायानं दारात उभं राहून नाव घेतलं, बापाच्या नावासकट. व्हरांड्यातली माणसं इकडेतिकडे पाहू लागली. साडभाऊ उठून उभे राहिले, सदऱ्याची घडी छातीशी धरून. पुन्हा पुकारा झाला, पुन्हा झाला. जिन्यावरून कुणी वर आलं नाही. आत साहेबांनी वारंट काढायला सांगितलं आणि शिपाई दुसरं नाव घेऊ लागला. मला त्यांच्याकडे पाहवेना. एवढ्या लांब आणलेल्या म्हाताऱ्याला आता परत कसा न्यायचा, या काळजीनं मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. ‘तोच होय, भाऊ,’ ते म्हणाले. ‘तारखेले न येणारा तोच. दुसरा कोणी असता तं आला नसता का?’

परतीच्या गाडीत त्यांनी पोळ्यांची पिशवी सोडली आणि आम्ही दोघांनी त्या खाल्ल्या. तेव्हापासून त्यांनी लोकांना तपासणं सोडून दिलं आहे. मोटारी वेळेवर भरून मिळतात, भावकीत तिळाचं नाव कुणी काढत नाही. फक्त बऱ्हाणपूरची तारीख आली की त्या वाकड्या अक्षरांचा फोटो मला येतो आणि मी हातातला घास ठेवून लगेच उत्तर देतो. कधीकधी त्यांच्याआधी मीच पाहून ठेवतो. टप्पा तोच असतो, वारंट. मी कायदा मानणारा माणूस आहे, पळालेल्या आरोपीची बाजू मी उभ्या जन्मात घेतलेली नाही. पण तो बऱ्हाणपूरचा विष्णू, तो कुणी का असेना, पोलिसांच्या हाती लागू नये असं मला मनापासून वाटतं. तो सापडला, तर साडभाऊंना त्याचं तोंड पाहावं लागेल.